'रूबी बार्ब' म्हणून सहा मासे आणले, हे नक्की कोण आहेत?

संगमवाला
मंडळी, नमस्कार. राहायला सांगलीत. दोन फुटी टाकी आहे, तिला आता पाच वर्षं होतील. गेल्या महिन्यात गावातल्या एका दुकानात 'रूबी बार्ब' अशी पाटी दिसली. चाळीस रुपये नग. रूबी म्हणजे अंगावर तीन उभे काळे पट्टे आणि नर माजावर आला की पुढून लालभडक, मागून काळाकुट्ट, एवढं मला ऐकून माहीत होतं. पाटीखालच्या टाकीत मात्र नुसती फिकट चंदेरी बारकी पिल्लं. दुकानातला मुलगा म्हणाला, "लहान आहेत दादा, पट्टे येतील की." घेतली सहा.

तीन आठवडे झाले. पट्टे आले नाहीत. आलंय ते भलतंच. मासा सव्वा इंचाचा. कल्ल्याच्या मागे एक काळा ठिपका, शेपटीच्या अलीकडे दुसरा, जरा मोठा. आणि गेल्या आठवड्यापासून चौघांच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत आडवी तांबडी रेघ चढायला लागली आहे, ओल्या कुंकवाचं बोट ओढावं तशी. सकाळी दिवा लावला की फिकी असते, खाणं टाकलं की गडद होते. फोटो काढायचे सतरा प्रयत्न केले, सगळ्यात शेपटीच आली आहे. बिलावर 'बार्ब मिक्स, ६ नग' एवढंच.

कोण आहेत हे? आणि असंच दुसरं काही कुणाच्या गळ्यात पडलं असेल तर तेही येऊ द्या इथं.

भडंग
रोझी बार्ब. डोळे झाकून सांगतो. माझ्याकडं आठ आहेत, नर असाच लाल होतोय. रूबी काय नि रोझी काय, पाटी लिहिताना गडबड झाली असणार.

घाटमाथा
भडंग, डोळे झाकून सांगितलंत तिथंच घोळ झाला. :)

रोझीला ठिपका एकच, शेपटीच्या अलीकडचा. कल्ल्यामागं काही नसतं. शिवाय रोझीचा नर लाल होतो तो पोटाकडून, सगळं अंग गुलाबी-तांबूस होतं, रेघ अशी दिसत नाही. संगमवाला यांच्याकडच्या माशाला दोन ठिपके आहेत, म्हणजे रोझी बाद. तीन उभे पट्टे नाहीत, म्हणजे श्रीलंकेचा ब्लॅक रूबी पण बाद. पिल्लांनासुद्धा ते पट्टे असतात, 'मोठं झाल्यावर येतील' ही थाप आहे.

उरतात दोन. एक आपला टिक्टो, जो नदीनाल्यात सगळीकडं सापडतो. दुसऱ्याचं नाव नंतर सांगतो, आधी एक काम करा. पाठीवरचा पंख आणि पोटाखालचे पंख नीट बघा. त्यांवर काळे ठिपके आहेत का? फक्त पाठीवर की खालीही?

संगमवाला
आत्ता बॅटरी घेऊन बघितलं. पाठीवरच्या पंखावर आहेत, तीळ शिंपडल्यासारखे. खालच्या पंखांवरही आहेत, तांबड्या झाक असलेल्यांच्या तर स्पष्टच. उरलेल्या दोघांचे पंख जवळपास कोरे आहेत.

घाटमाथा
मग ओडेसा बार्ब. तांबडे ते नर, बाकीचे दोन बहुधा मादी किंवा अजून न वयात आलेले नर. टिक्टोला लाली येते पण ती धूसर, अशी धार नसते तिला, आणि त्याचे खालचे पंख कोरेच राहतात.

याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. हा मासा सत्तरच्या दशकात तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या ओडेसा शहराच्या बाजारात हौशी लोकांच्या नजरेस पडला आणि तेच नाव चिकटलं. कुठून आला, तेव्हा कुणाला पत्ता नव्हता. वर्षानुवर्षं पुस्तकांत 'टिक्टोचा रंगीत प्रकार' म्हणून छापला गेला. मूळचा तो म्यानमारचा. रीतसर शास्त्रीय नाव मिळायला २००८ साल उजाडलं, आज तो पेथिया पदम्या म्हणून ओळखला जातो. आता गंमत बघा, ब्रह्मी भाषेत पदम्या म्हणजे माणिक. म्हणजे रूबीच! तुमच्या दुकानदारानं चुकून खरं नाव लिहिलंय.

संगमवाला
हे भारीच. म्हणजे मी भांडायला जायचं की आभार मानायला?

अनुस्वार
वाचतेय. या धाग्यावर माझाही एक प्रश्न टाकते, चालेल ना? मी नवीन आहे, मिरजेत असते. निऑन टेट्रा मागितले, दुकानदार म्हणाले निऑन तीस, कार्डिनल नव्वद. मला दोन्ही टाक्या सारख्याच दिसल्या. नव्वदवाले घेतले. फसले का?

भडंग
ताई, तांबडा पट्टा मोजा. निऑनचा तांबडा अर्ध्यातनं सुरू होतोय, पोटाच्या मागनं शेपटीपर्यंत. कार्डिनलचा डोक्यापासनं शेपटीपर्यंत सलग. लुगड्याचा काठ आणि पूर्ण लुगडं असा फरक धरा. (हे बरोबर सांगितलंय ना घाटमाथा? डोळे उघडे होते या वेळी.)

घाटमाथा
शंभर टक्के. भर एवढीच की निऑनची निळी रेघ पाठीवरच्या त्या बारक्या मागच्या पंखापर्यंत जाऊन थांबते. आणि 'ब्लॅक निऑन' नावाचा जो येतो त्याच्यात ना निळं ना तांबडं, काळ्यावर पांढरट रेघ. वंशही वेगळा. नावात निऑन आहे म्हणून भाऊबंद समजू नका.

पैशांचं म्हणाल तर निऑन बहुतेक सगळे आग्नेय आशियातल्या शेतीतले, कार्डिनल आजही मोठ्या प्रमाणात ब्राझीलच्या रिओ नेग्रोतून पकडून येतात. म्हणून भाव जास्त.

अवांतर: दुकानातल्या पाट्यांना हसू नये म्हणून सांगतो, खुद्द शास्त्रज्ञांनी कार्डिनलला १९५६ च्या फेब्रुवारीत एकाच दिवसाच्या अंतरानं दोन नावं दिली होती. एक अमुक, दुसरं तमुक. एक दिवस आधी छापलेलं टिकलं.

अनुस्वार
सलग आहे! डोक्यापासून. धन्यवाद भडंगदादा. आज झोप लागेल.

बेदाणा
तासगावकडचा आहे. आमची गोष्ट ऐका, मग तुमच्या चाळीस रुपयाचं काय वाटणार नाही.

पोरानं हट्ट केला म्हणून चार 'शार्क' आणले. तीन-तीन इंचाचे, काळपट, अंगावर रुपेरी चमक, पाठीवर ताठ पंख. दुकानदार म्हणाला, "एकदम शांत असतोय." शांत कसला. कुणी खोलीत आलं की चौघं मिळून काचेवर धडका. नाकाडं सोलून घेतली. आणि खाणं बघाल तर, आमच्या म्हशीनं लाजावं. वर्षात फुटाचे झाले. टाकीत वळता येईना. शेवटी बागेच्या शेततळ्यात सोडले. तळ्यात कागद घातलेला, पाणी द्राक्षांचं, म्हटलं राहतील.

पुढच्या दिवाळीला मेहुणे आले. त्यांचा मासळीचा व्यवहार आहे. तळ्याच्या काठाला उभं राहून त्यांनी भाकरीचा तुकडा टाकला आणि वर आलेल्या माशाकडं बघून म्हणाले, "दाजी, पंगास कधीपासून पाळायला लागला?" तीनशे रुपये देऊन पंगासचं बियाणं आणलं होतं मी. ते पण चार नग.

भडंग
:) :) मग खाल्ले का?

बेदाणा
पोरगं रडलं म्हणून नाही खाल्ले. अजून आहेत. आता चांगले दोन-दोन किलोचे असतील. पंप सुरू करताना भीती वाटते.

घाटमाथा
बेदाणा, तुमच्यासारखे अनेक आहेत. थायलंड, कंबोडिया, व्हिएतनामकडच्या नद्यांतला मासा, मीटरभराहून मोठा होतो. आंध्रात त्याची मोठी शेती आहे आणि तोच कापून आपल्याकडं हॉटेलात येतो. टाकीसाठी तो कधीच नव्हता.

'शार्क' या शब्दाचा टाकीच्या धंद्यात एवढाच अर्थ: पाठीवरचा पंख त्रिकोणी आणि ताठ. बाकी काही नातं नाही. पंगास हा मांजरमासा. बाला शार्क, रुपेरी अंग आणि पंखांना काळी किनार असलेला, तो आपल्या रोहूच्या गोतातला. तोही फुटाच्या वर जातो. रेड टेल शार्क काळा, फक्त शेपूट लाल. रेनबो शार्कचे सगळेच पंख लाल. हे दोघे पाच-सहा इंचांत राहतात, पण एका टाकीत दुसरा सहन करत नाहीत. पाटी चौघांवर एकच. म्हणून 'शार्क आहे का?' असं विचारूच नका.

जुना_दुकानदार
घाटमाथा साहेब, आमची बाजू पण ऐका. मी सांगलीतच सतरा वर्षं दुकान चालवलं. आता नाही.

माल यायचा रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं. पहाटे पाचला स्टँडजवळ उभं राहायचं, थर्माकोलची पेटी घ्यायची. कोलकात्याचा लॉट असो नाहीतर चेन्नईच्या कोळत्तूरचा, मधे मुंबईत कुर्ल्याला दोन हात फिरून आलेला असायचा. पेटी उघडली की आत पिशव्या, ऑक्सिजननं टम्म फुगलेल्या, आणि पिशवीवर मार्करनं लिहिलेलं असायचं 'आर.बी. १००'. आता आर.बी. म्हणजे काय? रोझी बार्ब? रूबी बार्ब? रेनबो? अर्धं पुसलेलं. फोन केला तर समोरचा म्हणणार, "वही जो आप हमेशा लेते हो." मग आपण बघायचं, अंदाजानं पाटी लावायची. गिऱ्हाईक समोर उभं असतं, त्याला नाव लागतंच. नाव नसलेला मासा विकत नाही कुणी घेत.

आणि दुसरी गोष्ट. पेटीतनं निघालेला मासा भेदरलेला असतोय, चोवीस तास अंधारात. खाली पांढरा तळ, वर ट्यूबलाइट. रंग सगळा उतरलेला. ओडेसा आणि टिक्टो आणि रोझीची पोरं अशा वेळी शेजारी ठेवा, तुम्ही पण ओळखणार नाही.

घाटमाथा
हे मान्य. मीही तीन आठवड्यांनंतरच्या वर्णनावरून ओळखलाय, दुकानात उभं राहून नाही. ठिपके मात्र भेदरलेल्या माशालाही राहतात, रंग जातो. म्हणून रंग बघून घेऊ नये, ठिपके, रेघा, तोंड आणि पंखांची जागा बघावी.

तुमचं दुकान बंद का झालं, विचारलं तर चालेल?

जुना_दुकानदार
२०१९ चा महापूर. पहिल्या मजल्याला पाणी टेकलं होतं. टाक्या तरंगून उलट्या झाल्या. मासे नदीत गेले का नदी दुकानात आली, काय म्हणायचं ते म्हणा. गाळ काढला आणि परत नाही उघडलं.

चाफा_सातारा
वाईट वाटलं वाचून, काका.

मी साताऱ्याहून. माझ्याकडे झाडांची टाकी आहे आणि शेवाळ फार होतं, म्हणून 'सायामीज अल्गी ईटर' शोधत होते. दोन वर्षांत तीन वेळा घेतला आणि तिन्ही वेळा वेगळा मासा आला. पहिला तर दिसायला गोड होता, काचेला चिकटून बसायचा. मोठा झाल्यावर शेवाळ सोडलं आणि माझ्या गोल्डफिशच्या अंगाला चिकटायला लागला. रात्री दिवा लावला की गोल्डच्या बरगडीवर हा. सकाळी तिथलं खवलं गायब.

घाटमाथा
तो चायनीज अल्गी ईटर. नावात चीन असला तरी मुख्यतः थायलंड, लाओस, कंबोडियाकडचा. आणि शेवाळ खाणारा म्हणावा तर लहानपणीच. तुमचं निरीक्षण अगदी अचूक आहे, वाढला की तो माशांच्या अंगावरचा चिकट थर खरवडतो, आणि दहा इंचांच्या आसपास वाढतो. त्याला ओळखायचं तोंडावरून. तोंड पूर्ण खालच्या बाजूला, वाटीसारखं. कल्ल्याच्या वर एक जास्तीचं भोक असतं, तिथून पाणी आत घेतो, म्हणून तोंड दगडाला तसंच चिकटलेलं ठेवून श्वास घेता येतो त्याला. सोनेरी प्रकार 'गोल्डन अल्गी ईटर' म्हणून येतो, तोही हाच.

खरा सायामीज असेल तर अंगावरची काळी रेघ शेपटीच्या पंखाच्या टोकापर्यंत जाते, मध्येच थांबत नाही. रेघेची कड करवतीसारखी, सरळ आखलेली नाही. बाकी पंख पारदर्शक. बसतो तेव्हा पुढच्या पंखांवर कोपर टेकल्यासारखा.

तुम्हाला मिळालेल्यांपैकी एखाद्याला काळ्या रेघेच्या वर सोनेरी रेघ आणि पाठीवरच्या पंखाला काळं-पांढरं होतं का?

चाफा_सातारा
हो! दुसरा तसाच होता. फार देखणा, पण दुसऱ्या कुणाला दगडापाशी येऊ देत नसे.

घाटमाथा
फ्लाइंग फॉक्स. शेवाळ थोडं खातो, मालकी जास्त गाजवतो. आणि तिसरा, रेघ शेपटीच्या मुळाशीच संपणारा?

चाफा_सातारा
तिसरा मी बघायच्या आतच उडी मारून गेला. झाकण उघडं राहिलं होतं. त्यामुळे तो कोण होता ते देवच जाणे.

भडंग
या सगळ्यापेक्षा सकर घ्या की ताई. वीस रुपयात मिळतोय, काच चाटूनपुसून साफ.

घाटमाथा
नका घेऊ. सकर दीड फुटाचा होतो, आणि तेव्हा काच साफ करण्यापेक्षा घाण जास्त करतो. मग लोक तो नेऊन नदीत, तळ्यात सोडतात. दक्षिण अमेरिकेतला मासा, अंगावर चिलखत, पंखांना काटे, त्याला खाणारं आपल्या पाण्यात फारसं कुणी नाही. काठात बिळं करतो. उजनीच्या मच्छीमारांना विचारा, जाळ्यात अडकला की जाळं फाडल्याशिवाय निघत नाही आणि बाजारात घेत कुणी नाही.

भडंग
बरं बाबा. माझा सकर चौदा इंचाचा आहे, कुठंही सोडत नाही, मरेपर्यंत सांभाळतो. शपथ.

निवृत्त_मास्तर
चर्चा चांगली चालली आहे. आमच्या विषयात भर घालतो. गप्पी माशाबद्दल कुणी बोललं नाही, आणि सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच होते.

डासांसाठी विहिरींत, हौदांत आरोग्य खात्याकडून गप्पी मासे सोडतात, हे आपण जाणतोच. आमच्या शाळेच्या हौदातही होते. मी मुलांना बरण्या घेऊन बसवायचो. नर बारीक आणि रंगीत, मादी मोठी आणि राखाडी. एका वर्षी कुणीतरी शेजारच्या गावच्या विहिरीतून 'गप्पी' आणून हौदात घातले. दोन पावसाळ्यांत रंगीत नर दिसेनासे झाले. नंतर लक्षात आलं की ते गप्पी नव्हतेच, ते गंबुसिया. हाही मूळचा अमेरिकेचा, डासांसाठी आणलेला, भारतात १९२८ पासून आहे, आणि भांडखोर.

दोघांच्या माद्या शेजारी ठेवल्या तर चटकन कळत नाही. मी मुलांना युक्ती सांगायचो: पाठीवरचा पंख कुठे सुरू होतो ते बघा. गंबुसियाचा पाठीवरचा पंख पोटाखालच्या मागच्या पंखाच्याही मागे सुरू होतो. गप्पीचा साधारण त्या खालच्या पंखाच्या बरोबर वर. पट्टी लावून बघायची. सातवीतल्या मुलांना येत असे, तुम्हालाही येईल.

आता नावाचं. गप्पी हे माणसाचं आडनाव आहे. रॉबर्ट जॉन लेचमेअर गप्पी नावाच्या गृहस्थांनी त्रिनिदादहून हे मासे ब्रिटिश म्युझियमला पाठवले, तिथे १८६६ मध्ये त्यांच्या नावावरून नाव ठेवलं गेलं. पण त्याआधी १८५९ मध्येच काराकासच्या माशांवरून जर्मनीत नाव देऊन झालं होतं, त्यामुळे शास्त्रीय नावातून गप्पीसाहेब गेले. लोकांच्या तोंडात मात्र राहिले. आमच्या मुलांना वाटायचं, हे मासे गप्पा मारतात म्हणून गप्पी.

अनुस्वार
मास्तर, मलाही आत्तापर्यंत तसंच वाटत होतं. :)

कट्ट्यावरचा
सगळे जमलेच आहात तर, पिरान्हा कुणी घेतलाय का? मी घेतला होता दोन हजाराला जोडी. लाल पोटाचा. मित्रांना घरी बोलावून दाखवायचो, कोंबडीचा तुकडा टाकायचो, तो बघायचा पण नाही. पालक टाकला तर तुटून पडायचा.

बेदाणा
रूपचंद.

कट्ट्यावरचा
होय. रूपचंद. मासळी बाजारात दीडशे रुपये किलो.

घाटमाथा
तोंड उघडून बघायचं (बोट घालू नका, रूपचंदही कडकडून चावतो). पिरान्हाचे दात त्रिकोणी, धारदार. रूपचंदचे आपल्या दाढांसारखे चपटे, कारण मूळ गावी ॲमेझॉनमध्ये तो पाण्यात पडलेली फळं आणि बिया फोडून खातो. पालकावर तुटून पडला ते साहजिक आहे.

वारणाकाठ
बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितो. माझा प्रश्न वेगळा आहे.

सांगलीतल्या दुकानातनं 'टायगर लोच' म्हणून चार घेतले. एकशे वीसला एक. टाकीत गोगलगायी फार झाल्या होत्या, त्या खातात म्हणून. अडीच इंचाचे, अंगभर बारीक तिरक्या काळ्या आणि पिवळट रेघा, डोक्यापासून शेपटीपर्यंत, मोजता येणार नाहीत एवढ्या. तोंडाजवळ मिश्या. दुकानातनं आणताना जाळीत अडकला, काढताना डोळ्याखालचा काटा बोटात घुसला. आठवड्यात गोगलगायी साफ. रात्री एकावर एक रचून झोपतात, दगडाखाली. आवडलेत.

परवा आजोबा आले होते. ते हरिपूरच्या संगमावर मासे धरायचे, उभं आयुष्य. चष्मा लावून टाकीसमोर बसले, बराच वेळ. मग म्हणाले, "हे कशाला आणलंस? हे तर आपल्यातलंच आहे." म्हटलं, आजोबा, हा टायगर लोच आहे, बाहेरनं येतोय. हसले. म्हणाले, "बारक्या जाळ्यात यायचं हे. काटा टोचायचा. आम्ही परत फेकून द्यायचो."

मी विचारलं, नाव काय याचं? म्हणाले, "फेकून देणाऱ्याला नाव कशाला?"

आजोबांचं वय झालंय, चूक होऊ शकते. पण त्यांचा आवाज मला चुकल्यासारखा वाटला नाही. कुणी सांगेल का?

घाटमाथा
वारणाकाठ, तुमच्या आजोबांना माझा नमस्कार सांगा. ते बरोबर आहेत.

हा बोटिया स्ट्रायाटा. इंग्रजीत झेब्रा लोच, धंद्यात कधी झेब्रा, कधी टायगर. 'टायगर लोच' या नावानं आग्नेय आशियातला एक वेगळा, मोठा मासा पण येतो, त्याचे पट्टे मोजता येतात. तुमच्या वर्णनातल्या बारीक, न मोजता येणाऱ्या रेघा आणि डोळ्याखालचा काटा हे दोन्ही जुळतंय. नारायण राव यांनी १९२० मध्ये याचं वर्णन केलं. जगात हा फक्त पश्चिम घाटातून उतरणाऱ्या नद्यांमध्ये, मुख्यतः कृष्णेच्या खोऱ्यात आहे. कृष्णा, कोयना, पंचगंगा, खाली तुंगा. धोक्यात आलेल्या जातींच्या जागतिक यादीत त्याची नोंद आहे. टाकीसाठी पकडणं हे त्यातलं एक कारण, वाळू उपसा आणि पाण्यातली घाण ही दुसरी.

म्हणजे तुमच्या हातात आला तो मासा बहुधा सह्याद्रीतल्याच एखाद्या ओढ्यातून उचलून, मुंबई किंवा कोलकाता करून, ट्रॅव्हल्सच्या डिकीतून सांगलीला परत आला. एकशे वीस रुपये भाडं.

जुना_दुकानदार
सतरा वर्षं विकला मी हा. शपथेवर सांगतो, बँकॉकचा समजत होतो.

वारणाकाठ
आजोबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "मग सोडून येऊ या की संगमावर."

काय करू?

घाटमाथा
नका सोडू. वाईट वाटेल ऐकून, पण नका. तो दुकानात दहा ठिकाणच्या माशांच्या पाण्यात राहिलाय, त्याच्यासोबत कोणता रोग जाईल सांगता येत नाही. शिवाय तो नक्की कुठल्या नदीचा आहे हेही आपल्याला ठाऊक नाही; तुंगेचा असेल तर कृष्णेत कशाला मिसळा. चार आहेत, अजून दोन-तीन असते तर बरं, तो घोळक्यानं राहतो. खाली बारीक वाळू द्या, दगडांच्या फटी द्या, पाणी जरा वाहतं ठेवा. चांगला सांभाळला तर बरीच वर्षं जगतो. पण आणखी घेताना, पकडून आणलेला की पैदास केलेला, विचारून घ्या.

जुना_दुकानदार
विचारलं तर 'पैदास केलेला' हेच उत्तर येणार. मी पण तेच दिलं असतं.

वारणाकाठ
बरं. आजोबा म्हणतात मग मीच येऊन बघत जाईन. रविवारी यायचं ठरलंय त्यांचं.

निवृत्त_मास्तर
वारणाकाठ, आजोबांना आणखी जे जे आठवतं ते लिहून घ्या. कोणता मासा कुठल्या डोहात, कुठल्या महिन्यात. नावासकट. नाव नसेल तर तसंही लिहा.

चाफा_सातारा
+१

संगमवाला
मूळ प्रश्न मीच विचारला होता, म्हणून परत हजेरी लावतो. तीन गोष्टी.

एक, घाटमाथांचा अंदाज बरोबर निघाला. त्या कोऱ्या दोघांपैकी एकालाही परवा तांबडी रेघ आली. म्हणजे सहापैकी पाच नर आणि एकटी मादी. पाचही दिवसभर तिच्यामागे, ती बिचारी पंपाच्या मागे दडून बसते. तिच्यासाठी दोन-तीन मैत्रिणी आणायला काल दुकानात गेलो.

दोन, मालकांना ओडेसाची सगळी गोष्ट सांगितली, पदम्यासकट. त्यांनी आतून पावतीची फाईल काढली. घाऊकवाल्यानं यादीत चक्क 'ओडेसा' लिहिलं होतं! मी म्हटलं, मग पाटीवर का नाही लिहिलं? म्हणाले, "ओडेसा लिहिलं तर लोक विचारतात हे काय, औषध आहे का. रूबी म्हटलं की घेतात."

तीन, आता ती पाटी बदलली आहे. 'रेड लाईन बार्ब', पंचेचाळीस रुपये.

घाटमाथा
अहो, रेड लाईन म्हणजे केरळचा डेनिसन, मिस केरळ! डोळ्यातून जाणारी लाल रेघ, खाली काळी, लांबट अंग, शेपटीला काळं-पिवळं. पश्चिम घाटातलाच मासा तो, तोही धोक्यात आलेला. त्याची पिल्लं नाहीत ही. मालकांना सांगा.

संगमवाला
सांगितलं. म्हणाले, "मिस केरळ वेगळा आहे हो, मला माहीत आहे. तो आमच्याकडं त्या कोपऱ्यातल्या टाकीत असतोय."

बघायला गेलो. पाटी होती: 'शार्क'.